मन्सूरभाईचा बाहेरचा भोंगा

आलापल्लीच्या महिला बचतगटांच्या मेळाव्यात मला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, आणि भाषणाच्या चौथ्या वाक्याला मी मन्सूरभाईची मशीन जाळली.

माईक स्टँडवरून उपटून हातात घेतला की वक्त्याला वजन येतं, अशी माझी त्या काळी समजूत होती. मी तो उपटला आणि दोन पावलं पुढे आलो. वायर टेबलाच्या पायात अडकली, मी हिसका दिला, टेबल कलंडलं आणि पाहुण्यांसाठी भरून ठेवलेला पाण्याचा जग अॅम्प्लिफायरच्या जाळीवर पालथा झाला. आतून चर्रर्र असा आवाज आला, मग धूर, मग जळक्या रबराचा वास. समोरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या, कारण भाषण संपलं असं त्यांना वाटलं. भाषणाचा विषय होता, ‘निर्भय नागरिक’.

मांडवाच्या कोपऱ्यातून एक किडकिडीत माणूस सतरंजी घेऊन धावत आला. त्याने ती मशीनवर टाकली, वायर काढली आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, “साहेब, माफी असावी.” मशीन त्याची, जाळली मी आणि माफी मागत होता तो. पाहुण्याचा अपमान झाला म्हणून कोणी आपल्याला धरून नेईल, अशी खरोखरची भीती त्याच्या चेहऱ्यावर होती.

चंद्रपूरची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. ती संध्याकाळ मी त्याच्या पडवीत बसून काढली. तो मशीन उघडून तिच्या आतड्यांना कढई लावत होता. डाग देण्याच्या त्या लोखंडी हत्याराला तो कढईच म्हणत असे. त्याची बायको खैरुनभाभी चहावर चहा देत होत्या आणि पुढची सगळी हकीकत सांगत होत्या. मन्सूरभाईने त्या हकीकतीत अधूनमधून एवढीच भर घातली: “हळू बोल.”

मन्सूरचा आवाज जन्मजातच बारीक. साऱ्या तालुक्यात सगळ्यात मोठ्या आवाजाची वस्तू त्याच्या मालकीची, आणि त्याची स्वतःची हाक शेजारच्या खोलीत पोचत नसे. इतर माईकवाले माईक तपासताना “हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री” करून सगळं गाव गोळा करतात. मन्सूर माईकवर नखाने दोन टिचक्या मारी आणि हळूच म्हणे, “जी... जी...” जणू माईकनेच त्याला काही काम सांगितलं आहे. दुकानावर पाटी होती, ‘न्यू निशात साऊंड सर्विस’. निशात ही त्याची मुलगी. न्यू कशासाठी, जुनी निशात कुठे आहे, हे त्याला अनेकांनी विचारलं. नुसतं निशात लिहिलं तर कोणी परवान्याचं विचारेल, न्यू लिहिलं की सगळं कायदेशीर वाटतं, असं त्याचं म्हणणं.

लग्न, उरूस, गणपती, मार्कंड्याच्या जत्रेत हरवलेल्या पोरांचा पुकारा, सगळं त्याच्याच भोंग्यातून होई. पण त्याची खरी कमाई हिवाळ्यात, झाडीपट्टीच्या नाटकांची. धान निघालं की गावोगाव नाटकं होतात आणि पाच-सहा कोसांवरची माणसं बैलगाड्या जुंपून येतात. या नाटकांच्या माईकवाल्याची एक रीत आहे. मांडवात स्पीकरच्या चार पेट्या लावायच्या त्या लावायच्याच, पण एक भोंगा मांडवाबाहेर, सगळ्यात उंच झाडावर, तोंड बाहेरच्या गावांकडे करून बांधायचा. त्याची मशीन वेगळी, बॅटरी वेगळी, बटन वेगळं; माईक तेवढा एकच. मांडवात वीज गेली तरी बाहेरचा भोंगा बोलत राहिला पाहिजे, कारण तो बंद पडला तर वाटेवरच्या बैलगाड्या नाटक मोडलं असं समजून परत फिरतात. मन्सूरने बापाकडून ही रीत घेतली होती. लग्न असो, बारसं असो, तो आधी झाड बघे. एकदा एका मयतीच्या शोकसभेलाही त्याने बाहेरचा भोंगा बांधला, आणि तीन गावांतली माणसं करमणुकीच्या तयारीने आली.

असा हा माणूस भित्रा किती असावा? अस्वलाला भिई, विजेला भिई, तहसीलच्या शिपायाला भिई. पण यातल्या कुठल्याच भीतीने त्याची झोप उडत नसे. झोप उडवणारी भीती एकच, ती त्याच्या दुकानातच होती: वायरची गुंडाळी आणि बॅटरी.

बाहेरच्या जिल्ह्यात या दोन वस्तू माईकवाल्याच्या असतात. आलापल्लीच्या जंगलात त्यांचा दुसराही उपयोग होत होता. रस्त्याखाली काही पुरलं गेलं, एखादी गाडी उडाली, की दुसऱ्या दिवशी चौकशी यायची: वायर कोणाकडे आहे, बॅटरी कोण भरून देतो? मन्सूर वायर घ्यायचा ती पावतीसकट, आणि जळलेला तुकडासुद्धा फेकायचा नाही. गोणपाटात भरून ठेवायचा. कोणी विचारलं तर सगळे तुकडे जोडून दाखवता आले पाहिजेत. आणि दुसऱ्या बाजूचीही भीती होतीच. पोलिसांच्या जनजागरण मेळाव्याला भोंगा लावून परत येताना एकदा जंगलात चौघे जण रस्त्यात उभे राहिले. बंदुका खांद्याला. “कोणासाठी वाजवतो रे?” एवढंच विचारलं. मन्सूरने खरं ते सांगितलं, कारण खोटं सांगायलाही आवाज लागतो. त्यांनी टेम्पो जाऊ दिला. घरी आल्यावर तो दोन दिवस गोधडीतून बाहेर आला नाही.

त्याच्या गल्लीच्या टोकाला सुकलूची टपरी होती. सुकलू टॉर्चचे सेल विकायचा. त्याला एकदा पोलिसांनी विचारपूस करायला नेलं, आणि तो परत आला तेव्हा पावसाळा संपला होता. त्यानंतर त्याच्याकडे कोणी सेल मागितले तर तो म्हणायचा, “नाई बा, सेल नाई.” सेलचा उघडा डबा त्याच्या कोपरापाशी असायचा. लोक आधी हसले. मग त्याच्याकडे जायचेच बंद झाले. मन्सूर मात्र रोज जाता-येता त्या डब्याकडे बघायचा.

दोन हजार सालानंतर मन्सूरकडे नव्या प्रकारची गिऱ्हाइकं येऊ लागली. रोज कशाचा तरी शुभारंभ. सरकारी दवाखान्यात केसपेपरला पैसे लागू लागले, त्याचाही समारंभ झाला. मन्सूरने भोंगा लावला, आणि सगळ्यात आधी त्यालाच तिथे खोकला दाखवायला रांगेत उभं राहावं लागलं. गावांतून फिरणाऱ्या नीलाबाई नावाच्या एक कार्यकर्त्या होत्या. छोटीशी संस्था, एक जुनी जीप, आणि बाईंच्या पिशवीत कायद्याची पुस्तकं. त्या सभेत सांगायच्या, “आधी दवाखान्याला फी लागली. मग रेशनमधून नावं उडाली. आता डोंगर जाणार. सरकार आता दुकानाच्या गल्ल्यावर बसून नाही राह्यलं, त्यानं दुकानच भाड्यानं दिलं.” मन्सूर मागे मशीनपाशी बसून ऐकायचा आणि हळूच आवाजाचं बटन थोडं कमी करायचा. बाईंना वाटायचं मशीन जुनी झाली.

कोसंबटोला या गावाच्या मागच्या डोंगरात लोखंडाचा दगड होता. एका खासगी कंपनीला तो हवा होता. त्याआधी जनसुनावणी व्हावी लागते. म्हणजे सरकारी साहेब येऊन बसतात आणि गावाला विचारतात, तुम्हाला हे चालेल का, आणि जो जे बोलेल ते लिहून घेतात. सुनावणी गावाच्या शाळेच्या मैदानावर ठरली. मांडव कंपनीचा, खुर्च्या कंपनीच्या, आणि भोंगा मन्सूरचा. कंपनीचे चष्मेवाले साहेब स्वतः जीपने येऊन बयाना देऊन गेले.

त्याच आठवड्यात कोसंबटोल्याची आशाबाई दुकानात आली. ही ग्रामपंचायतीची सदस्य. धानाच्या शेताची एक बांधी, चार बकऱ्या आणि बिनभोंग्याचा आवाज. नाटकाला मन्सूर त्या गावी गेला की त्याचं जेवण तिच्याकडे असे. ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, “मन्सूरभाऊ, मले माईकात बोलाले शिकव.”

“काऊन?”

“सुनावणी हाय ना. नीलाबाई म्हणते का माईकात बोलन तेच लिहून घेईन सरकार. बिनमाईकाचं आपलं रडणं त्याले आयकू येत नाई.”

“तुले काय गरज माईकाची? तू बांधीतून हाक मारली त आलापल्लीत आयकू येते.”

“मस्करी नोको करू. शिकव.”

मन्सूरने माईक दिला. तिने तो विळ्यासारखा मुठीत आवळला, तोंड लावलं आणि “आयका!” म्हणून ओरडली. भोंग्याने अशी शिटी मारली की बाजारातली कुत्री गावाबाहेर गेली, आणि मन्सूर खुर्चीखाली.

“चार बोटं दूर, आशाबाई, चार बोटं! जेवाचा नाई तो.”

“मंग चार बोटं आधी सांगाचं ना.” तिने ओठ आणि माईक यांच्यामध्ये स्वतःची चार बोटं धरून मोजली. मग बोटं काढली आणि एकदम दुसऱ्याच, सरळ आवाजात बोलू लागली. “माझं नाव आशाबाई. माझी बांधी डोंगराच्या पायथ्याशी हाय. डोंगराचं पाणी उतरते म्हणून माझे धान होते. डोंगर नेला त पाणी कुठून उतरन? हे मले पहिले सांगा. नोकरीचं मंग सांगा.”

बाजार थांबला होता. पानठेल्यावाला हातात पान तसंच धरून उभा होता. मन्सूरने घाईघाईने बटन बंद केलं आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं.

“बरोबर हाय?” आशाबाईने विचारलं.

“लय बरोबर हाय. म्हणून त बंद केलं.”

“मन्सूरभाऊ, अन् मधातच मशीन बंद पडली त?”

मन्सूर या प्रश्नाला न घाबरता बोलला, कारण हा त्याच्या धंद्यातला प्रश्न होता. “माईक सोडाचा नाई. नाटकात लाईट गेली त हिरोईन पळून जाते का? बोलत राहाचं. मशीनचं मी पाहतो.”

“पाहशील ना?”

“पाहतो म्हणलं ना बाई.”

ती गेल्यावर खैरुन आतून आली. म्हणाली, “बड़ा वादा कर दिया जी तुमने.” मन्सूर म्हणाला, “वादा कहाँ? मशीन की बात थी.”

सुनावणीच्या दिवशी मन्सूर उजाडायच्या आत कोसंबटोल्याला पोचला. पेट्या लावल्या. मग सवयीने वर बघितलं. मैदानाच्या कडेला मोहाचं मोठं झाड होतं. शिडी लावून त्याने बाहेरचा भोंगा शेंड्याजवळ बांधला, तोंड नाल्यापलीकडच्या गावांकडे. त्याची मशीन आणि ट्रकची बॅटरी टेबलाखाली पायाशी ठेवली, उन्हाने तापू नये म्हणून वर गोधडी टाकली. नाटक असतं तर कोणी याकडे ढुंकूनही बघितलं नसतं. इथेही कोणी बघितलं नाही. चष्मेवाले साहेब नागपूरचे होते. झाडावरचा भोंगा ही त्यांच्या लेखी शोभेची वस्तू असावी.

हळूहळू मांडव भरला. ट्रकांतून माणसं आली, डोक्यावर एकसारख्या टोप्या, हातात जेवणाची पाकिटं. मन्सूरने त्यांच्यात ओळखीचा चेहरा शोधला. एकही सापडला नाही. आणि कोसंबटोल्याची माणसं? ती नाल्यापलीकडे होती. नाल्यावर पोलिसांनी बांबू आडवा टाकला होता. आत पासवाल्यांनाच सोडायचं होतं, आणि पास कुठे मिळतो ते गावात कोणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या गावांचे लोकही आले होते. बायका, म्हातारे, कडेवर पोरं. सगळे नाल्याच्या वाळूत बसून होते. नीलाबाईंची जीप आधीच्या नाक्यावरच अडवली होती, गाडीचे कागद तपासायचे म्हणून. आत आली ती एकटी आशाबाई. पंचायतीची सदस्य म्हणून तिचं नाव वक्त्यांत टाकावंच लागलं होतं. धुतलेलं लुगडं नेसून ती शेवटच्या खुर्चीवर बसली होती. तिने मन्सूरकडे बघून चार बोटं दाखवली. मन्सूरने मान डोलावली.

तेवढ्यात चष्मेवाले साहेब त्याच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माणूस मोठा गोड बोलायचा.

“काय मन्सूरमियां, मशीन बरी आहे ना?”

“जी.”

“जुनी दिसते. जुन्या मशिनी बिघडतात कधी कधी. ती शेवटची बाई उभी राहिली ना, की बिघडेल. काय?”

मन्सूरला आधी समजलंच नाही. मशिनीच्या आजाराची वेळ आधीपासून ठरलेली त्याने कधी ऐकली नव्हती. “बिघडणार नाई साहेब, कालच...”

“बिघडेल.” साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. “तुझं दुकान सरकारी जागेत आहे म्हणे. असू दे. आणि वायर किती रे तुझ्याकडे? बापरे. बॅटऱ्याही. एवढ्या जंगलात एवढी वायर घेऊन फिरतोस, लोक काहीबाही बोलतात. मी म्हटलं, छे, साधा माणूस आहे.” त्यांनी मन्सूरच्या खांद्यावर थोपटलं आणि ते पुढच्या रांगेत जाऊन बसले.

खांद्यावरचा तो हात गेल्यावरही मन्सूरला जाणवत राहिला. शेजारी पाण्याचा तांब्या होता, पण तो उचलायला हात टेबलावरून निघेना. सुकलूचा तो उघडा डबा डोळ्यांसमोर आला. दहावीतली निशात आली. दुकानाच्या मागचं ते गोणपाट आलं, वायरच्या जळक्या तुकड्यांनी भरलेलं, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की ते तुकडे कितीही जोडले तरी जोडले असं कोणी म्हणणार नाही.

भाषणं झाली. टोपीवाले टाळ्या वाजवत होते, कधी कधी वाक्य संपायच्या आत. रस्ता येईल, शाळा येईल, पोरांना नोकऱ्या लागतील. अध्यक्षस्थानी बसलेले मोठे सरकारी साहेब निवृत्तीला टेकलेले होते, पंख्याखाली डोळे मिटून ऐकत होते. शेजारी एक कारकून लिहीत होता. मग आशाबाईचं नाव पुकारलं गेलं.

ती माईकपाशी गेली. चार बोटं मोजली. म्हणाली, “माझं नाव आशाबाई.”

मन्सूरने बटन बंद केलं.

हे मात्र खरं आहे. त्याने बंद केलं. पेट्या गप्प झाल्या. मांडवात हशा पिकला. आशाबाईने माईककडे बघितलं आणि मग मन्सूरकडे. तिच्या नजरेत राग नव्हता. मशीन बिघडली, आता मन्सूरभाऊ बघेल, एवढंच होतं. आणि तिने माईक सोडला नाही. हिरोईनसारखी बोलत राहिली. मांडवात तिच्या ओठांची हालचाल दिसत होती आणि टोप्यांचं हसणं ऐकू येत होतं.

मग मांडवाबाहेरून, मोहाच्या शेंड्यावरून, तिचा आवाज आला. “माझी बांधी डोंगराच्या पायथ्याशी हाय.” भोंग्यातून तो डोंगरावर गेला आणि तिथून परत आला. “...पायथ्याशी हाय.”

मांडवातलं हसू थांबलं. मन्सूरने वर मोहाकडे बघितलं. बाहेरचा भोंगा! सवयीने बांधला होता, आणि भीतीने पार विसरला होता; पेट्या चालू असताना मांडवात तो वेगळा ऐकूही येत नव्हता. त्याची मशीन त्याच्या पायाशी, गोधडीखाली. बटन इतकं जवळ की वाकलं की हाताला लागावं. वाकून ते दाबलं असतं तर सगळं मिटलं असतं. साहेबांनी चहा पाजला असता.

मन्सूर वाकला नाही.

चष्मेवाले साहेब धावत आले. “बंद कर! कुठून येतंय ते?”

“पाहतो साहेब, पाहतो.”

आणि मन्सूर शोधू लागला. त्याने एक वायर ओढली. मोठ्या साहेबांचा पंखा बंद पडला. दुसरी ओढली. स्वागताची रंगीत दिव्यांची माळ विझली. तिसरी ओढली, ती जेवणाच्या तंबूतल्या मिक्सरची निघाली आणि आतून आचारी शिव्या देत बाहेर आला. मन्सूरच्या कपाळावरून घाम गळत होता, तोंडाने सारखं “पाहतो, पाहतो” चाललं होतं. साहेबांनी स्वतः टेबलावरच्या वायरी उपटायला सुरुवात केली. त्यात त्यांना असा झटका बसला की चष्मा उडून मुरमात पडला. गोधडीकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. मन्सूर तिच्यावर पाय ठेवून उभा होता.

“डोंगर नेला त पाणी कुठून उतरन? हे मले पहिले सांगा.”

डोंगराने विचारलं, “...सांगा.” आणि त्यावर नाल्यातून आवाज उठला. आधी एकाचा, मग सगळ्यांचा. वाळूत बसलेली माणसं उभी राहिली होती. “आमालेबी बोलाचं हाय!” बांबू करकरला. पोलिसांच्या शिट्ट्या वाजल्या. मन्सूरने डोळे मिटून घेतले. आता गोळी चालणार, आणि ती आपल्या भोंग्यामुळे चालणार, असं त्याला वाटलं.

पंखा बंद पडल्यामुळे मोठे साहेब जागे झाले होते. त्यांनी घाम पुसला आणि विचारलं, “बाहेर कोण आहे?” आशाबाईनेच माईकात सांगितलं, आणि मोहावरून ते सगळ्या शिवाराला ऐकू गेलं, “गाव हाय, साहेब. सुनावणी त्याहीचीच हाय ना?”

मोठ्या साहेबांनी कारकुनाच्या कागदाकडे बघितलं. निवृत्तीला टेकलेला माणूस काय विचार करत असेल, देव जाणे. कारकून बघत होता, लेखणी थांबली होती. ते म्हणाले, “त्यांना आत येऊ द्या. आणि हिचं म्हणणं लिहा, पहिल्यापासून.” मग मन्सूरकडे वळून, “पेट्या चालू होतात का बघा जरा.”

पेट्या चालू झाल्या. सुनावणी दिवस कलेपर्यंत चालली.

त्या दिवसाची गोष्ट इथे संपते, पण मन्सूरची भीती तिथे सुरू झाली. परत येताना पोलिसांनी त्याचा टेम्पो नाक्यावर थांबवला. मशिनी, पेट्या, वायर, बॅटऱ्या, सगळं उतरवून घेतलं, आणि मन्सूरलाही. ठाण्याच्या बाकावर त्याला बसवलं. टेबलावर त्याच्या वायरी पसरल्या आणि एकेका तुकड्याला विचारलं, ही कशाची, ही कुठली, ही कोणाला दिली? गावातून तुला कोणी सांगितलं? जंगलातून कोणी सांगितलं? मन्सूर उत्तरं द्यायचा, पण आवाज इतका बारीक की त्यांना वाटायचं तो काही लपवतोय. “मोठ्यानं बोल!” म्हणून ओरडायचे. तेवढं एक त्याला जमत नव्हतं.

खैरुन डबा घेऊन ठाण्याच्या दारात बसली. डबा आत जाईना, ती घरी जाईना. दुसऱ्या दिवशी आशाबाई आणि कोसंबटोल्याच्या बाया येऊन तिच्या शेजारी बसल्या. कोणी घोषणा दिल्या नाहीत. नुसत्या बसल्या, शेणी थापायला बसतात तशा. नीलाबाईंनी दिल्लीपर्यंत अर्ज केले. शेवटी त्याला सोडलं. बाई त्याला म्हणाल्या, “मन्सूरभाई, तुम्ही तक्रार करा. तुमचा हक्क आहे.” मन्सूर हात जोडून म्हणाला, “बाई, हक्क ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मले घरी ऱ्हाऊ द्या.”

मशिनी परत आल्या, पण भोंगा तुटून. दुकान सरकारी जागेत असल्याचं सरकारला नेमकं त्याच महिन्यात आठवलं, आणि ‘न्यू निशात साऊंड सर्विस’ पडवीत आली. कोसंबटोल्याची फाईल मात्र कुठे तरी अडकली. डोंगर अजून जागेवर होता. धान होत होतं.

“अन् मुझे बोलते हैं,” खैरुनभाभी मला म्हणाल्या, “बटन नहीं मिला. अंधेरे में फ्यूज बदलता है ये आदमी, आँख बंद करके. इसको बटन नहीं मिला!”

“हळू बोल,” मन्सूरभाई म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मला गाडीवर सोडायला आला. रस्त्यात सुकलूची टपरी लागली. मन्सूरभाईने थांबून त्याला सलाम केला, सुकलूने मान हलवली. गाडी उशिरा होती. सागाच्या झाडांमागून पोलिसांची एक गाडी येऊन गेली, तसा मन्सूरभाई माझ्या मागे सरकून उभा राहिला आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच राहिला. मला त्याची फार माया आली. एवढा भ्यालेला माणूस, आणि एवढं करून बसला. मला वाटलं, एकदा झालं ते झालं, आता याने शांतपणे लग्नं वाजवावीत.

मी विचारलं, “मन्सूरभाई, खरं सांगा, पुन्हा तशी वेळ आली तर काय कराल?”

“येऊन राह्यली ना साहेब सोमवारी, फिरून सुनावणी हाय, गाववाल्यायनं भोंगा सांगितला हाय, अन् मले आतापासूनच संडास लागली हाय.”